सव्वा गुणाच्या अंतरावर : डेनिस टेन

कझाकस्तान म्हटले की भारतीय क्रीडारसिकांना मुष्टियोद्धे, मल्ल आणि भारोत्तोलक आठवतात. आशियाई स्पर्धांत आपल्या खेळाडूंची या देशाशी गाठ पडते ती बहुधा रिंगणात किंवा आखाड्यात. बर्फावर संगीताच्या साथीने उड्या, गिरक्या आणि पदन्यास सादर करण्याचा फिगर स्केटिंग हा खेळ या देशाच्या नावाशी जोडला गेला तो एका सडपातळ, अबोल वाटणाऱ्या मुलामुळे. डेनिस टेन हे त्याचे नाव. १३ जून १९९३ रोजी अल्माती शहरात जन्मलेला हा खेळाडू १९ जुलै २०१८ रोजी त्याच शहरातल्या रस्त्यावर चोरांच्या सुऱ्याला बळी पडला, तेव्हा त्याला पंचविसावे वर्ष पूर्ण होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते.

त्याच्या नावावरची पदके मोजली तर यादी लांबत नाही. ऑलिम्पिकचे एक कांस्य, जागतिक स्पर्धेतले एक रौप्य आणि एक कांस्य, 'फोर कॉन्टिनेंट्स' या युरोपबाहेरील देशांच्या स्पर्धेचे एक सुवर्ण आणि आशियाई व विद्यापीठ पातळीवरील विजेतेपदे. युझुरु हान्यू किंवा पॅट्रिक चॅन या समकालीनांच्या शेजारी ही कमाई लहान दिसते. मात्र टेन ज्या देशातून आला तेथे ना या खेळाची परंपरा होती, ना पुरेशी मैदाने. ते लक्षात घेतल्याशिवाय या यादीचे मोल कळत नाही.

अल्माती हे डोंगरांच्या कुशीतले शहर. त्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर असलेले मेदेऊ हे बर्फाचे मैदान सोव्हिएत काळात वेगाच्या स्केटिंगसाठी जगप्रसिद्ध होते. तेथे कितीतरी विश्वविक्रम झाले. फिगर स्केटिंगचे मात्र तसे नव्हते. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर जी ओढाताण झाली, त्यात बंदिस्त आणि बारमाही रिंक ही चैनीची बाब होती. डेनिस पाच वर्षांचा असताना स्केटिंग शिकू लागला, तो उघड्यावरच्या बर्फावर, कडाक्याच्या थंडीत कपड्यांवर कपडे चढवून. आपल्याकडे स्केटिंग म्हणजे सोसायटीच्या आवारात चाकांचे बूट घालून पळणारी मुले. त्यांना निदान जमीन तरी वर्षभर मिळते. उघड्या मैदानावरचा बर्फ वसंतात वितळतो आणि मुलाचा सरावही त्याच्याबरोबर संपतो.

त्यामुळे दहा-अकराव्या वर्षी आईबरोबर मॉस्कोला जाण्याखेरीज मार्ग नव्हता. तेथे एलेना बुयानोव्हा या मान्यवर प्रशिक्षिकेने त्याला हाताखाली घेतले. मुलगा रशियात वाढला, रशियन पद्धतीने घडला, पण खेळत राहिला कझाकस्तानसाठी. हा निर्णय वाटतो तितका साधा नाही. मोठ्या देशाच्या संघात जागा मिळवणे अवघड असते हे खरे, परंतु त्या देशाचे पंच, पैसा आणि प्रतिष्ठा खेळाडूच्या पाठीशी असते. ज्या खेळात गुण पंचांच्या नजरेतून मिळतात, तेथे लहान देशाच्या खेळाडूला आधी ओळख कमवावी लागते आणि गुण नंतर.

टेन घराण्याचा इतिहासही सरळ नव्हता. डेनिस वंशाने कोरियन. १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने अतिपूर्वेकडील सुमारे पावणेदोन लाख कोरियनांना आगगाड्यांत भरून मध्य आशियात आणून सोडले. कझाकस्तानातील कोरियन समाज त्या सक्तीच्या स्थलांतरातून उभा राहिला. डेनिसचे खापरपणजोबा मिन गुंग-हो हे विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या कोरियन स्वातंत्र्यसैनिकांचे एक सेनानी होते. दक्षिण कोरियात त्यांचे स्मरण आजही आदराने केले जाते. तेव्हा सेऊलच्या बर्फावर डेनिस उतरे, तेव्हा प्रेक्षक त्याला परका मानत नसत.

पंधराव्या वर्षी जागतिक स्पर्धेत

२००८ मध्ये बेलारूसमधील गोमेल येथे त्याने ज्युनियर ग्रां प्री स्पर्धा जिंकली. आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाची स्पर्धा जिंकणारा तो पहिला कझाक स्केटर. पुढच्याच वर्षी, मार्च २००९ मध्ये, लॉस एंजेलिसच्या जागतिक स्पर्धेत तो उतरला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. लघु कार्यक्रमानंतर सतरावा असलेला हा मुलगा मुक्त कार्यक्रमाअखेर थेट आठव्या स्थानावर पोहोचला. त्या आठव्या क्रमांकाचे फळ केवळ त्यालाच मिळाले नाही. एकच खेळाडू पाठवणाऱ्या देशाने जागतिक स्पर्धेत पहिल्या दहांत स्थान मिळवले तर त्याला पुढच्या वेळी दोन प्रवेशिका मिळतात. अशा रीतीने २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये कझाकस्तानचे दोन पुरुष स्केटर दिसले. सोळा वर्षांचा डेनिस तेथे अकरावा आला.

त्याच वर्षी त्याने मॉस्को सोडून कॅलिफोर्निया गाठले. फ्रँक कॅरोल हे अमेरिकेचे ज्येष्ठ प्रशिक्षक नुकतेच इव्हान लायसाचेक याला ऑलिम्पिक सुवर्णापर्यंत घेऊन गेले होते. त्यांच्याकडील पहिली वर्षे संमिश्र गेली. २०११ मध्ये मायदेशी झालेल्या आशियाई हिवाळी स्पर्धेत सुवर्ण मिळाले, परंतु जागतिक स्पर्धेत त्या वर्षी चौदावा आणि २०१२ मध्ये सातवा क्रमांक. उड्या कधी जमत, कधी बिनसत. त्याच्या कारकिर्दीचा आलेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत असाच राहिला. हंगामभर सामान्य वाटणारा हा खेळाडू वर्षातून एखाद्या संध्याकाळी असा काही खेळून जाई की त्या वर्षाची सारी गणिते पुन्हा मांडावी लागत.

लंडनची रात्र

अशी सर्वांत गाजलेली संध्याकाळ आली मार्च २०१३ मध्ये, कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या लंडन या शहरात. महिनाभर आधी ओसाका येथील फोर कॉन्टिनेंट्स स्पर्धेत टेन बारावा आला होता. जागतिक स्पर्धेसाठी त्याचे नाव कुणाच्याच हिशेबात नव्हते. यजमान देशाचा पॅट्रिक चॅन सलग तिसऱ्या विजेतेपदासाठी उतरला होता.

इथे गुणपद्धतीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. स्पर्धेचे दोन भाग असतात. पहिला लघु कार्यक्रम, ज्यात ठरावीक घटक सादर करावे लागतात. दुसरा मुक्त कार्यक्रम, जो त्या काळी पुरुषांसाठी साडेचार मिनिटांचा असे आणि २०१८ नंतर चार मिनिटांवर आला. दोन्हींचे गुण एकत्र करून निकाल लागतो. प्रत्येक उडीला व गिरकीला मूळ किंमत असते, ती कशी साधली यावरून त्यात बेरीज-वजाबाकी होते. याखेरीज स्केटिंगचा दर्जा, रचना, सादरीकरण अशा बाबींचे वेगळे गुण असतात. पडल्यास एक गुण कापला जातो. टीकाकारांचा आक्षेप असा, की मोठे नाव असलेला खेळाडू पडला तरी सादरीकरणाचे गुण फारसे घसरत नाहीत.

चॅनने लघु कार्यक्रमात ९८.३७ गुणांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला. टेन ९१.५६ गुणांसह दुसरा. मुक्त कार्यक्रमात टेनने 'द आर्टिस्ट' या मूकपटाच्या संगीतावर लोरी निकोल यांनी बसवलेली रचना सादर केली. लघु कार्यक्रमही त्याच चित्रपटाच्या संगीतावर बेतलेला होता, त्यामुळे दोन दिवसांत मिळून जणू एकच कथा पूर्ण झाली. चार गिरक्यांची उडी सहज उतरली आणि पुढचे सारे त्या आत्मविश्वासावर वाहत गेले. चॅन मात्र दोनदा पडला. मुक्त कार्यक्रमाचे गुण लागले ते असे : टेन १७४.९२, चॅन १६९.४१. एकूण बेरीज झाली ती अशी : चॅन २६७.७८, टेन २६६.४८. फरक १.३० गुणांचा.

चॅनच्या मायभूमीतच या निकालावर वाद झाला. नियमांच्या चौकटीत पाहिले तर निकाल बिनचूक होता, कारण पहिल्या दिवशीची आघाडी चॅनने स्वतः कमावली होती. तरीही दोनदा पडलेला सुवर्ण घेऊन जातो आणि जवळपास निर्दोष खेळलेला खाली उभा राहतो, हे दृश्य पाहणाऱ्याला खटकणे स्वाभाविक होते. एकोणीस वर्षांच्या टेनने मात्र तक्रारीचा सूर लावला नाही. जागतिक स्पर्धेत कझाकस्तानला फिगर स्केटिंगचे पदक प्रथमच मिळत होते.

पुढच्या फेब्रुवारीत सोची ऑलिम्पिकमध्ये हेच गणित उलट्या बाजूने त्याच्या कामी आले. तो हंगाम दुखापती व आजारपणात गेला होता. लघु कार्यक्रमानंतर तो नववा होता. मुक्त कार्यक्रमाच्या रात्री एकामागून एक दिग्गज अडखळत गेले. विजेता हान्यूही दोनदा पडला. टेनने शोस्ताकोविचच्या संगीतावरचा कार्यक्रम सावरून नेला आणि त्या फेरीत तिसरे स्थान मिळवले. एकूण २५५.१० गुणांसह कांस्यपदक त्याचे झाले. चौथा आलेल्या स्पेनच्या हावियेर फर्नांडेझपेक्षा तो केवळ १.१८ गुणांनी पुढे होता. फर्नांडेझने एक उडी नियमात बसते त्याहून अधिक वेळा केल्याने तिचे गुण बुडाले होते. सव्वा गुणाने हुकलेले आणि सव्वा गुणाने मिळालेले, असे हे दोन निकाल अकरा महिन्यांच्या अंतराने लागले. सोचीत कझाकस्तानला मिळालेले ते एकमेव पदक होते.

निव्वळ खेळ म्हणून पाहता त्याची सर्वोत्तम कामगिरी या दोन्हींच्या नंतरची आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये सेऊल येथे फोर कॉन्टिनेंट्स स्पर्धेत त्याने २८९.४६ गुण मिळवून सुवर्ण जिंकले. दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू पंचवीसहून अधिक गुणांनी मागे राहिला. ज्या देशातून पूर्वज परागंदा झाले त्या देशाच्या राजधानीत हा विजय मिळाला आणि मुक्त कार्यक्रमाचे संगीत होते रेशीममार्गाच्या परंपरेतले, मध्य आशियाच्या सुरांना जवळ करणारे. पुढच्या महिन्यात शांघायच्या जागतिक स्पर्धेत त्याने मुक्त कार्यक्रमात १८१.८३ गुणांसह फर्नांडेझ आणि हान्यू दोघांनाही मागे टाकले. लघु कार्यक्रमातील पिछाडी मात्र भरून निघाली नाही आणि कांस्यावर थांबावे लागले. दोन जागतिक स्पर्धांत मुक्त कार्यक्रम जिंकूनही जगज्जेतेपद एकदाही न मिळालेला हा खेळाडू आहे.

नंतर शरीर साथ देईनासे झाले. २०१६ च्या बोस्टन जागतिक स्पर्धेत तो अकरावा आला. २०१७ मध्ये अल्मातीत भरलेल्या जागतिक विद्यापीठ हिवाळी स्पर्धेत घरच्या प्रेक्षकांसमोर सुवर्ण मिळाले, हा शेवटचा मोठा आनंद. त्याच वर्षी उन्हाळ्यात घोट्याचे अस्थिबंध फाटले. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये तो जवळपास सरावाविनाच उतरला आणि लघु कार्यक्रमात सत्ताविसावा आला. पुढच्या फेरीत पहिल्या चोवीस जणांनाच प्रवेश असतो.

खेळाबाहेरही त्याने बरेच हाती घेतले होते. २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी अल्मातीने मांडलेल्या दाव्याचा तो दूत होता. २०१५ मध्ये अल्मातीचा हा दावा बीजिंगपुढे ४४ विरुद्ध ४० मतांनी हुकला. 'डेनिस टेन अँड फ्रेंड्स' या नावाने तो अल्मातीत जगभरच्या स्केटरांना बोलावून कार्यक्रम करी. परदेशी चित्रफितींतून पाहिलेले खेळाडू तेथील मुलांना त्यामुळे समोर दिसले.

१९ जुलै २०१८ च्या दुपारी शहराच्या मध्यवर्ती भागात दोघे जण त्याच्या मोटारीचे आरसे काढत असल्याचे त्याच्या लक्षात आले. त्याने त्यांना रोखण्याचा प्रयत्न केला. झटापटीत त्याच्या मांडीवर वार झाला, मुख्य रक्तवाहिनी तुटली आणि रुग्णालयात त्याचे निधन झाले. मोटारींचे आरसे चोरून सुट्या भागांच्या बाजारात विकणे हा त्या शहरातला रोजचा प्रकार होता, पोलीसही त्याकडे किरकोळ गुन्हा म्हणूनच पाहत. म्हणूनच लोकांचा संताप केवळ दोन चोरांपुरता राहिला नाही. गृहमंत्र्यांच्या राजीनाम्याची मागणी झाली, पोलीस दलात सुधारणा हव्यात अशी मोहीम उभी राहिली. अंत्यदर्शनाला हजारो लोक लोटले. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने दोघांना प्रत्येकी १८ वर्षांची शिक्षा सुनावली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अल्मातीत 'डेनिस टेन मेमोरियल चॅलेंज' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. त्याला पाहत मोठी झालेली मुले आता मैदानात होती. अल्मातीतच २००४ मध्ये जन्मलेल्या मिखाइल शायदोरोव्हने २०२५ मध्ये फोर कॉन्टिनेंट्सचे सुवर्ण जिंकले, तेही सेऊलमध्येच, टेनच्या विजयानंतर बरोबर दहा वर्षांनी. पाठोपाठ जागतिक स्पर्धेत त्याला रौप्य मिळाले. आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये मिलानच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये, अमेरिकेचा इलिया मालिनिन मुक्त कार्यक्रमात कोसळल्यावर, सुवर्ण शायदोरोव्हच्या गळ्यात पडले. १९९४ नंतर कझाकस्तानने हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जिंकलेले ते पहिलेच सुवर्ण. फिगर स्केटिंगमध्ये त्या देशाच्या नावावर त्याआधी एकच ऑलिम्पिक पदक होते, सोचीचे.