काशीत गल्लीबाहेर सायकलची कोंडी

वाराणसी : पेशवाईच्या इतिहासाशी नाते सांगणारा येथील बालाजी घाट पंचगंगा घाटाच्या परिसरात आहे. दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या आणि शेवटी पायऱ्या, अशी तिथली वाट असल्याने मोटार घाटापर्यंत पोहोचत नाही. अशा वस्तीत पायी चालण्याखालोखाल सोयीचे साधन सायकलच. मात्र गल्ली संपून मैदागिन, लहुराबीर, कँटोन्मेंट स्थानकाकडे जाणारा मोठा रस्ता लागला की सायकलस्वाराची परीक्षा सुरू होते.

पायडलवर चालणारे चाक या शहराला नवे नाही. घाटावरील बालाजी मंदिरात रियाज केलेले सनईवादक, भारतरत्न उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे आवडते वाहन सायकलरिक्षा होते. आजही दुधाच्या कॅन लावलेल्या, साड्यांचे गठ्ठे बांधलेल्या सायकली येथे दिसतात. या लोकांसाठी सायकल हा छंद नसून रोजगाराचे साधन आहे.

डावी कड कोणाची?

सायकलस्वाराने रस्त्याच्या डाव्या कडेने जावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात याच कडेला उभ्या मोटारी, हातगाड्या आणि प्रवासी घेण्यासाठी थांबलेल्या ई-रिक्षा असतात. त्यांना वळसा घालताना सायकल वेगवान वाहनांच्या प्रवाहात शिरते. मागे ओझे असेल तर तोल सावरणे आणखी कठीण होते. मुक्कामी पोहोचल्यावर सायकल कुलूप लावून सुरक्षित ठेवण्याची जागा शोधावी लागते.

नोंदणी नाही, म्हणून नियोजन नाही

सायकलला परिवहन कार्यालयातील नोंदणी लागत नाही. त्यामुळे शहरातील वाहनसंख्येच्या अधिकृत आकड्यांत ती येत नाही आणि रस्त्याची रुंदी, चौक, वाहनतळ यांचा विचार मोटारींच्या संख्येवरून होतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर मोटार, जीप किंवा व्हॅन असलेली कुटुंबे ४.७ टक्के होती. रस्त्यावरील जागेची वाटणी मात्र या प्रमाणात झालेली नाही. वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्यावे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच नमूद आहे.

जोडणीची संधी

वाराणसीत कँटोन्मेंट स्थानक ते गोदौलिया या सुमारे पावणेचार किलोमीटरच्या रोपवेची पायाभरणी २४ मार्च २०२३ रोजी झाली. या मार्गावर पाच स्थानके नियोजित आहेत. प्रत्येक स्थानकाजवळ सायकल ठेवण्याची सुरक्षित जागा केल्यास गल्ल्यांतील रहिवाशांना घरापासून रोपवेपर्यंत मोटारीविना जाता येईल. जेथे रुंदी आहे तेथे आखलेली मार्गिका, जेथे नाही तेथे वाहनांच्या वेगावर मर्यादा आणि प्रमुख चौकांत सायकलींची नियमित मोजणी, हे उपाय तुलनेने कमी खर्चाचे आहेत. त्यांपैकी मोजणीपासून सुरुवात करता येईल, कारण सायकलस्वार आकड्यांत दिसल्याशिवाय आराखड्यात त्यांना जागा मिळणे कठीण आहे.