कापड कोणाचं घ्यावं?

परदेशातले काही शिकारी तंबू-बूट घेताना ती कंपनी जंगल राखण्याच्या बाजूची आहे का, हेही पाहतात. मंडळी, आपल्याकडे हा प्रश्न कापडाच्या दुकानात फार आधी विचारला गेला.

१ जानेवारी १८७७. दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरला. त्या दरबाराला सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, खादी घालून गेले. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली. नाव सम्राज्ञीवरूनच, एम्प्रेस! आता सांगा, नाव राणीचं, पण मालक इथला, मजूर इथले, कापूस आपल्या मुलखातला. ते कापड स्वदेशी की नाही?

१९०५ नंतर टिळकांच्या स्वदेशीत देशी गिरणीचं कापड चाललं. गांधीजींनी पुढचं विचारलं, सूत कातणाऱ्या हातांचं काय? १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत विलायती कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू चिरडले गेले. ते स्वतः गिरणी कामगार होते.

आमचं बाभुळगाव कापसाचं. पण शर्ट घेताना आम्हीही ब्रँड आणि भावच पाहतो. कापूस पिकवणाऱ्याच्या हाती काय पडलं, हे कोण विचारतो? स्वदेशीचा उरलेला प्रश्न माझ्या मते तोच आहे.

असो. तुम्हाला काय वाटतं?