कप्तान मार्टेल यांचे सात इंच

चार्ल्स मार्टेल हे अमेरिकेच्या व्यापारी जहाजावरचे कप्तान. उंची सहा फूट एक इंच. पुढच्या काही वर्षांत ती साडेपाच फुटांवर आली. हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरत होतं, तिथून लघवीत. मणके खचत गेले, पाठीला पोक आलं. तेव्हा त्यांनी तिशीही नीट ओलांडली नव्हती.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाठदुखीचा नवा पेशंट आला की तरुणपणीची उंची आधी विचारते. पुष्कळांना ती ठाऊक नसते. बायका मात्र सांगतात, ‘हल्ली परकर जमिनीवर लोळतो.’ एवढं ऐकलं की मी मणक्यांच्या एक्स-रेसाठी डॉक्टरांकडे चिठ्ठी देते.

मार्टेल यांचा दोष पॅराथायरॉइडमध्ये होता. मसुरीएवढ्या या ग्रंथी, बहुधा चार, मानेत थायरॉइडच्या मागे असतात. त्या पहिल्यांदा दिसल्या रिचर्ड ओवेन यांना, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्याचं विच्छेदन करताना. एकीत गाठ झाली की संप्रेरक जास्त पाझरतं आणि हाडं रिती होतात. पण हाडांच्या आजारामुळेच ग्रंथी वाढते, असाच समज होता. म्हणून व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी एका ट्राम कंडक्टरला आधी दुसऱ्याची ग्रंथी बसवली. गुण येईना. तेव्हा १९२५ साली त्यांनी त्याची गाठच काढली आणि तो सुधारला. स्वतःचा उपचार असा उलटा फिरवणाऱ्या सर्जनबद्दल मला फार आदर वाटतो.

मार्टेल यांचं निदान १९२६ मध्ये न्यूयॉर्कला झालं. तिथे आणि बोस्टनला मिळून सहा वेळा त्यांची मान उघडली, गाठ सापडली नाही. शेवटी कप्तानांनी स्वतःच शरीररचनेची पुस्तकं वाचली आणि छातीत शोधा म्हणून आग्रह धरला. गर्भात या ग्रंथी वरून खाली सरकत येतात. एखादी छातीत उतरते. नोव्हेंबर १९३२ मध्ये, सातव्या शस्त्रक्रियेत, गाठ छातीतच मिळाली. ज्याच्या मणक्यांचा चुराडा झाला होता, त्यानेच डॉक्टरांना जागा दाखवली. हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते.

कॅल्शियम एकदम घसरू नये म्हणून गाठीचा तुकडा मागे ठेवला होता, तरी हातापायांत पेटके आलेच. त्यातून ते सावरत होते, तोच इतक्या वर्षांच्या कॅल्शियमने झालेला मूतखडा मूत्रवाहिनीत अडकला. त्याच्या शस्त्रक्रियेनंतर मार्टेल गेले. गाठ सापडून सहाच आठवडे झाले होते.