शोभेच्या जुन्या वस्तूंचे स्थिरचित्रण

घरातील जुन्या, भडक पण जिव्हाळ्याच्या शोभेच्या वस्तू मांडून केलेले छायाचित्रण. छायाचित्रणाचा आद्य प्रवर्तक लुई दागेर याने १८३७ मध्ये प्लास्टरच्या मूर्ती मांडून असेच छायाचित्र घेतले होते. महाराष्ट्रात अशा वस्तूंच्या हौसेचा एक मोठा झरा म्हणजे देवादिकांची छापील चित्रे. चित्रकार राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतींना घरोघरी जर, टिकल्या, मणी चिकटवून नटवीत. कलासमीक्षकांनी नाके मुरडली तरी ही हातची सजावटच आज कॅमेऱ्याला अधिक बोलकी वाटते. दिवाणखान्यातील शोकेस नंतरची: प्लास्टिकची फुले, मण्यांचा ससा, चिनी मातीची बाहुली. चित्रणास खिडकीचा तिरपा उजेड बरा. समोरून फ्लॅश मारल्यास काच चकाकते. वस्तूंचा जुनेपणा दिसावा म्हणून धूळ शक्यतो पुसू नये.