मूल परदेशी शिकायला गेले आहे: घरची ओढ आणि आजार यांतला फरक कसा ओळखाल?

तुमचा मुलगा किंवा मुलगी बीड, माजलगाव, आष्टी किंवा परळीहून परदेशी शिकायला गेली असेल, तर पहिले काही महिने फोनवर तिचा आवाज उतरलेला वाटू शकतो. बहुतेक वेळा हा आजार नसतो. काहींना मात्र उपचार लागतात, आणि घरच्यांनी वेळीच ओळखले तर ते लवकर सुरू होतात.

असे का होते?

भाषा, जेवण, हवामान आणि ओळखीची माणसे एकदम सुटतात. ब्रिटन व युरोपात वर्ग साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतात आणि लगेच हिवाळा येतो. डिसेंबरमध्ये लंडनला दिवसाचा उजेड जेमतेम आठ तास असतो. कमी उजेडामुळे काहींना हिवाळी नैराश्य येते. याच महिन्यांत ऊसतोडीला गेलेले आईवडील कारखान्याच्या फडात असतात आणि बोलणे कमी होते.

रशिया किंवा किर्गिझस्तानात एमबीबीएस करणाऱ्यांचे वर्ग इंग्रजीत असले, तरी रुग्ण बहुतेक रशियन किंवा तिथली भाषा बोलतात. शेत गहाण ठेवून किंवा कर्ज काढून पाठवले असेल, तर "घरच्यांना कसे सांगू?" म्हणून मूल त्रास लपवते.

नेहमीचा त्रास कोणता?

घरची आठवण येणे, रडू येणे, जेवण न आवडणे, काही दिवस झोप बिघडणे. वर्ग चालू असतील, एखादा मित्र जोडला गेला असेल आणि आठवड्यागणिक थोडे बरे वाटत असेल, तर काळजीचे कारण नाही.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

पुढीलपैकी काही गोष्टी दोन आठवडे जवळजवळ रोज दिसत असतील तर थांबू नका:

• दिवसभर उदास वाटणे, कशातच मन न लागणे
• झोप किंवा भूक फार कमी किंवा फार जास्त होणे
• वर्गाला जाणे बंद होणे, खोलीतून बाहेर न पडणे
• फोन टाळणे, आंघोळ-जेवणाकडे दुर्लक्ष
• दारू किंवा नशेचे प्रमाण वाढणे

"मी तुमच्यावर ओझे आहे" किंवा "जगून काय उपयोग" असे बोलणे, कानात आवाज येणे किंवा विनाकारण संशय घेणे, यांसाठी दोन आठवडे थांबायचे नसते. त्याच दिवशी मदत घ्या. मरण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट मूल मोकळे होते.

घरून काय करता येईल?

"बरा आहेस ना?" याचे उत्तर नेहमी "हो" असते. त्याऐवजी काल काय जेवला, किती वाजता झोपला, शेवटचा वर्ग कधी केला, असे विचारा. फोनची वेळ ठरवून घ्या. तासातासाला फोन केल्यास मूल तिथल्या माणसांत मिसळत नाही. "पैशांचे आम्ही बघू, आधी तू बरा हो" हे स्पष्ट शब्दांत सांगा.

अनेक विद्यापीठांत समुपदेशन मोफत असते. ब्रिटनमध्ये व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेला असतो. तिथे जवळच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवायला सांगा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे किंवा अधिक लागतात. त्या मनाने बंद करू नयेत. इथून झोपेच्या गोळ्या पाठवू नका. शिक्षणात खंड घ्यायचा असल्यास व्हिसावर काय परिणाम होईल, हे आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारावे.

तातडीच्या वेळी

बीडहून ११२ लावल्यास फोन इथेच लागतो, परदेशात नाही. म्हणून खोलीतल्या सोबत्याचा, विद्यापीठाचा आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर आजच लिहून ठेवा. मुलाने किंवा सोबत्याने युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ००० लावावा.

काय करावे हे सुचत नसेल, तर तुम्ही स्वतः टेली मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत कधीही बोलू शकता. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभागातही सल्ला घेता येईल. मूल सोबत नसले तरी चालेल. त्याच्यात काय बदल दिसले आणि कधीपासून, हे लिहून न्या.