वाडे कां पडले?

पुण्याचे वाडे काळानें पाडले, असें म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. सागाचा खांब सहसा दगा देत नाहीं. वाड्यास हवी असे ती दरसालची डागडुजी : पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळणें, फुगलेल्या भिंतीस चुना, कुजल्या तुळईस जोड. हा खर्च भाड्यांतून निघे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडें सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या आंकड्यावर खिळविलें. युद्धोत्तर टंचाईंत भाडेकऱ्यास हें संरक्षण हवेंच होतें. परंतु गवंड्याची मजुरी कोणी खिळविली नव्हती! मालकाचा हात आखडला. आणि बिऱ्हाडकरूनें तरी परक्याच्या छपरावर पैसा कां ओतावा? पुढें १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, आणि नदीकांठच्या पेठांतले पुष्कळ वाडे एका दिवसांत बसले. उरलेल्यांच्या बाबतींत १९९९ च्या कायद्यानें दरसाल चार टक्के भाडेवाढ दिली खरी. दहा रुपयांवर ती चाळीस पैसे होते. तेवढ्यांत एक कौलहि येत नाहीं. वाडा पाडून इमले चढविण्यांत मात्र भांडवलास तत्काळ मोबदला दिसूं लागला. दुसऱ्या बाजीरावाचा १८०७ सालचा विश्रामबागवाडा आजहि उभा आहे. पण त्याच्या दुरुस्तीचा पैसा महानगरपालिकेनें दिला, भाडेकऱ्यांनीं नव्हे.