'हे मरीन्सना सांग': एका बनावट उगमाची गोष्ट

समजा, तुमचा रूममेट म्हणाला, "काल एका रात्रीत प्रबंधाचं अख्खं प्रकरण लिहून काढलं." तुम्ही म्हणाल, "चल, काहीही सांगतोस!" जुन्या वळणाचा इंग्रज अशा वेळी म्हणायचा, 'टेल दॅट टू द मरीन्स'. म्हणजे, जा, मरीन्सना सांग. मी नाही फसणार.

पण मरीन्सनाच का? याचं उत्तर म्हणून एक छान गोष्ट सांगतात. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला कोणीतरी उडणाऱ्या माशांबद्दल सांगितलं. दरबारात कोणाला ते पटेना. तेव्हा सागरी पलटणीचा एक अधिकारी म्हणाला, हे मासे मीही पाहिलेत. राजा खूश झाला आणि म्हणाला, यापुढे विचित्र काही कानावर आलं तर आधी मरीन्सना विचारू. गोष्टीचा आधार? सॅम्युअल पेप्स यांची कागदपत्रं.

आता इथे जरा थांबा. संशोधक म्हणून तुम्ही काय तपासाल?

पहिलं, मूळ साधन. पेप्स यांची १६६० ते १६६९ या काळातली रोजनिशी छापील उपलब्ध आहे. त्यात ही गोष्ट नाही.

दुसरं, अर्थ जुळतो का? गोष्टीतले मरीन्स जाणकार आहेत, त्यांचा शब्द प्रमाण. वाक्प्रचारात मात्र ते भोळे, कसलीही लोणकढी थाप पचवणारे! बायरनने 'द आयलंड' (१८२३) या काव्याच्या टिपेत ही जुनी म्हण असल्याचं सांगितलंय आणि तिचा संबंध खलाशी व मरीन्स यांच्यातल्या जुन्या चुरशीशी जोडलाय. मरीन्स म्हणजे जहाजावर नेमलेले सैनिक. मुरलेल्या खलाशांच्या लेखी त्यांना समुद्रातलं काय कळतंय! टोमणा खलाशांचा आहे, राजाची शाबासकी नाही.

तिसरं, ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली कोणी? माग काढत गेलं की आपण १९०४ मध्ये पोचतो. डब्ल्यू. पी. ड्र्युरी या लेखकाने आपल्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत ती पेप्सच्या नावावर खपवली. पुढे त्याने स्वतःच कबूल केलं की ती आपण केलेली थट्टा होती. आणि हा ड्र्युरी कोण? रॉयल मरीन्सचाच अधिकारी! आपल्या दलावरचा टोमणा त्याने गौरवात बदलून टाकला.

गंमत म्हणजे, कबुलीनंतरही गोष्ट चालूच राहिली. कारण तिच्यात राजा आहे, प्रसंग आहे, मोठं नाव आहे. खरं उत्तर त्यामानाने रुक्ष.

तुमच्या विषयातही अशी एखादी 'पेप्सची गोष्ट' असणारच. सगळे उद्धृत करतात, मूळ पान कोणीच उघडलेलं नसतं. संदर्भ दहा ठिकाणी सापडला म्हणून तो दहापट खरा होत नाही. दहाही जणांनी एकाच ठिकाणाहून उचललेला असू शकतो. तेव्हा तळटीप लिहिण्याआधी ते पान एकदा स्वतः उघडा. नाहीतर परीक्षक तुम्हालाच म्हणतील, हे मरीन्सना सांगा!